उलटी मनीऑर्डर

पुण्याच्या पेठांमधल्या भिंती आणि विजेचे खांब यांचं एक वेगळंच साहित्य आहे. शनिपारापासून टिळक रोडपर्यंत कुठेही दोन मिनिटं रेंगाळलं की ते वाचायला मिळतं. ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल.’ ‘फक्त मुलींसाठी. गरम पाणी, वायफाय.’ ‘अभ्यासू मुलांना प्राधान्य.’ ‘रात्री दहानंतर प्रवेश नाही.’ कागदाच्या खालच्या कडेला कात्रीने पाडलेल्या पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीवर उभा लिहिलेला तोच मोबाइल नंबर. सकाळी चिकटवलेल्या कागदाच्या संध्याकाळपर्यंत तीन-चार पट्ट्या गेलेल्या असतात. जून-जुलैत तर कागदाचा नुसता माथा उरतो. मला हे कागद वाचायची सवय आहे. पट्टी फाडून नेणारी मुलगी कुठल्या गाडीने आली असेल, तिच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी असेल की येसर, असं काहीबाही मनात येत राहतं.

मीही कधीकाळी कॉट बेसिसवालीच. १९९४ साली औशाहून आले आणि नारायण पेठेत एका काकूंच्या माडीवर राहिले. सहा बाय तीनची लोखंडी कॉट, कॉटखाली ट्रंक सरकवण्यापुरती जागा, भिंतीत एक खुंटी आणि सामाईक कपाटातला एक कप्पा, एवढी माझी मालमत्ता. बाकी सगळं चौघींत. दिवा किती वाजता मालवायचा यावरून आठवड्यातून एकदा तरी अबोला. भाडं तीनशे रुपये. मुद्रितशोधनाच्या नोकरीचा पगार अठराशे. म्हणजे डोक्यावरच्या छपराला पगाराचा सहावा हिस्सा. खानावळ, बसचा पास, साबण-तेल हे सगळं वजा जाऊनही दर महिन्याला मी पोस्टात मनीऑर्डरच्या खिडकीपुढे उभी असायची. पाचशे रुपये. फॉर्मच्या तळाशी निरोपासाठी इवलीशी जागा असे. ‘येथे सर्व कुशल, तब्येतीस जपावे’ एवढंच तिच्यात मावायचं आणि तेवढं पुरायचं. आठवड्याभराने पोच यायची, तिच्यावर दादांची वळणदार सही. पैसे पोचल्याची ती पावती होती आणि मुलगी पुण्यात तगली आहे हे घरात मान्य झाल्याचीही.

आता ताईची मुलगी पुण्यात आहे. २०२४ च्या दिवाळीनंतर हिंजवडीच्या एका कंपनीत लागली. संगणकाची पदवी, कॉलेजातच झालेली मुलाखत, वर्षाला पावणेचार लाखांचं पॅकेज. गावात पेढे वाटले गेले. पगार लाखांत सांगायची पद्धत आल्यापासून पेढे जरा जास्तच वाटले जातात. महिनाअखेरीला पहिली सॅलरी स्लिप आली ती तिने मला व्हॉट्सॲपवर पाठवली. मुद्रितशोधकाच्या डोळ्यांनी मी ती ओळ न् ओळ वाचली. डाव्या रकान्यात बेसिक, घरभाडे भत्ता, स्पेशल अलाउन्स. उजवीकडे भविष्य निर्वाह निधी, विम्याचा हप्ता, व्यवसाय कर दोनशे रुपये. तळाशी ठळक अक्षरांत हातात पडणारी रक्कम, सत्तावीस हजार. घरभाडे भत्त्यापुढे पाच हजार. त्या ओळीभोवती तिने लाल वर्तुळ काढलं होतं आणि खाली लिहिलं होतं, ‘मावशी, कंपनीच्या हिशेबाने मी पाच हजारांत राहते.’

ती राहते दहा हजारांत. वाकडमध्ये दोन बेडरूमचा फ्लॅट, भाडं तीस हजार, राहणाऱ्या तिघी. सत्तावीसमधले दहा म्हणजे शंभरातले सदतीस. वीज, गॅस, वायफाय आणि भांडीवाल्या ताईंचे मिळून दीड हजार. डब्याचे चार हजार. स्कूटीचं पेट्रोल आणि पावसाळ्यात रिक्षा धरून अडीच. शैक्षणिक कर्जाचा हप्ता साडेपाच. उरतात साडेतीन हजार, आणि त्या साडेतीन हजारांनी एका तरुण मुलीचा महिना पार पाडायचा. ताप, मैत्रिणीचं लग्न, फुटलेला मोबाइल, औशाला जायचं तिकीट, सगळं त्यातच.

रविवारी कधी मी तिच्याकडे जाते. फ्लॅट सातव्या मजल्यावर. दारात चपलांचा ढीग, हॉलमध्ये फर्निचर म्हणावं असं काही नाही, एका कोपऱ्यात गुंडाळलेल्या गाद्या आणि कपडे वाळत घालायचं स्टँड. खरी मौज फ्रिजमध्ये. प्रत्येक कप्प्याला पांढरी पट्टी आणि पट्टीवर नाव. वरच्या कप्प्यात ताईने पाठवलेलं तूप आणि कारळाची चटणी, मधल्यात कोणाचं तरी नुसतं दही, खालच्यात अंडी. अंडी कागदात गुंडाळलेली, कारण घरमालकांनी शाकाहारी मुली म्हणून जागा दिली आहे. दोन बेडरूमपैकी एक मोठी, तिला बाल्कनी. तिथे दोघी राहतात. लहान खोलीत एकटी राहणारी बाल्कनी नसूनही समान वाट्यापेक्षा हजार रुपये जास्त भरते. (म्हणून दोघींचे साडेनऊ पडतात आणि तिचे अकरा, हिशेब सरळ असावा म्हणून मी वर दहा धरले.) एकटीने खोलीचं दार लावून घ्यायचं, याचे ते जास्तीचे पैसे. त्यावर तिघींची चर्चा झाली, एक तक्ता झाला, तो फ्रिजच्या दारावर चुंबकाने लावलेला आहे. कोण कुठल्या तारखेला काय भरणार ते त्यात रंगांनी दाखवलंय. पाच तारखेचा चौकोन लाल. पाच तारीख भाड्याची.

मला त्या मुलींचं कौतुक वाटतं आणि त्या तक्त्याकडे बघून पोटात कालवतंही. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी माणसाने थोडी उधळपट्टी करावी, एखादा महिना चुकीच्या पुस्तकांवर किंवा चुकीच्या मित्रांवर घालवावा. या तिघींच्या तक्त्यात असा चौकोनच नाही.

भाडं तर दर महिन्याचं. त्याहून मोठा घास सुरुवातीलाच जातो. वाकडची जागा ठरली तेव्हा घरमालकांनी तीन महिन्यांचं डिपॉझिट मागितलं. एजंटला एक महिन्याचं भाडं दलाली. अकरा महिन्यांचा करार, त्याची नोंदणी. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. आपल्या वाट्याचा हिशेब भाचीने मला फोनवर सांगितला. डिपॉझिटचे तीस हजार, दलालीचे दहा, भाड्याचे दहा, कराराचे हजारेक. एकूण एक्कावन्न हजार, आणि पहिला पगार अजून महिनाभर दूर. म्हणजे नोकरी सुरू करण्यासाठी जवळजवळ दोन महिन्यांचा पगार आधी हवा.

ते पैसे भाऊजींनी पाठवले. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजारात भाव मिळत होता चार हजारांच्या जरा वर. एक्कावन्न हजार म्हणजे साधारण बारा क्विंटल. आमच्याकडे एकरी सहा क्विंटल पडली तर माणूस समाधानी असतो. दोन एकरांची सोयाबीन, खत-बियाणं-मजुरी काही वजा न करता, अख्खी वाकडला गेली. भाऊजींनी ती मोबाइलवरून पाठवली, एका मिनिटात. निरोप लिहायला जागा होती, त्यांनी काही लिहिलं नाही.

इथे मला थबकायला होतं. माझ्या वेळी पैसा शहरातून गावाकडे जायचा. थोडा जायचा, पण दिशा ती होती. आता शहरात शिरण्याचं तिकीटच गावातून काढून आणावं लागतं, आणि ते फिटेपर्यंत परतीचं काही सुरू होत नाही. मनीऑर्डर उलटी वाहू लागली आहे.

आपल्याकडे डाकखात्याची मनीऑर्डर सुरू झाली १८८० साली. मुंबईच्या कापड गिरण्या त्याच सुमाराला भरात येत होत्या, आणि त्या दोघींची जोडी चांगली जमली. गिरणीतला पगार आणि पोस्टाची खिडकी. रत्नागिरीसारखा सबंध जिल्हा मनीऑर्डरवर जगतो असं म्हटलं जाई. चाकरमानी मुंबईत कमवायचा, घर गावाला चालायचं, आणि गणपतीला तो गावी आला की त्याने वर्षभर कसे दिवस काढले हे कोणी फारसं विचारत नसे.

कसे काढायचा? लालबाग-परळच्या चाळींमध्ये गावाच्या खोल्या असत. गावच्या मंडळाने एक खोली भाड्याने धरायची आणि गावातून जो येईल त्याने तिथे वळकटी टाकायची. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-वीस, तीस-तीस पुरुष. ते सगळे एका वेळी झोपत नसत हीच त्यातली युक्ती. पहिल्या पाळीचे उठले की रातपाळीचे येऊन त्याच जागी आडवे व्हायचे. गिरणीचे तीन भोंगे खोलीचंही वेळापत्रक ठरवायचे. भिंतीवर खुंट्यांची रांग, वर फळीवर पत्र्याच्या ट्रंका. भाडं सगळ्यांत वाटलं जाई आणि माणशी जे येई ते पगाराच्या मानाने किरकोळ असे. जेवण खानावळीत, एखाद्या गिरणी कामगाराच्याच बायकोच्या हातचं, पगार झाला की हिशेब. या खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, ती कथा वेगळी.

गोव्याच्या मंडळींनी हीच सोय कूड नावाने केली. धोबीतलावच्या जेर महल इमारतीत गोव्यातल्या गावोगावचे कूड आहेत. बोटीवर नोकरी करणारे लोक जहाज मिळेपर्यंत किंवा दोन सफरींच्या मधे तिथे राहत. भिंतीलगत पेट्या, रात्री जमिनीवर चटया, एका बाजूला वेदी, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून रोझरी. वर्गणी नाममात्र. अट एकच, त्या गावचा असला पाहिजे.

या सगळ्यात एक साधी गोष्ट होती. शहरात आलेला मुलगा घरमालकापुढे एकटा उभा नव्हता. त्याच्या आधी त्याचं गाव येऊन तिथे बसलेलं होतं, गावाने भाडं ठरवलेलं होतं, डिपॉझिट कधीच भरून टाकलं होतं. त्यामुळे त्याच्या पहिल्या पगारातलाच काही हिस्सा पोस्टाच्या खिडकीतून बाहेर पडू शकत होता.

मी त्या खोल्यांचे गोडवे गाणार नाही. त्या खोलीत बाईला जागा नव्हती. चाकरमान्याची बायको गावी, शेतात आणि सासू-सासऱ्यांत. नवरा वर्षातून एकदा भेटणार. मजल्यावर चार संडास आणि सकाळी त्यांच्यापुढे रांग. क्षय खोलीतून खोलीत फिरायचा. जातीबाहेरच्या माणसाला त्या गावकीत सहजी प्रवेश नव्हता, ज्यांना गावातच जागा नव्हती त्यांना गावाच्या खोलीत कुठून असणार? माझी भाची १९३० साली जन्मली असती तर मुंबईच्या त्या व्यवस्थेतली तिची भूमिका मनीऑर्डरची वाट पाहण्याची होती. आज तिच्याकडे वाकडच्या फ्लॅटची किल्ली आहे. रात्री अकराला शिफ्ट संपवून ती त्या किल्लीने दार उघडते, आतून कडी लावते, आणि कुठून आलीस म्हणून विचारायला घरात कोणी नसतं. सदतीस टक्क्यांत ती हेही विकत घेते. त्याला मी महाग म्हणते तेव्हा कडीला महाग म्हणत नाही. आपल्या मुलींना ही कडी इतक्या उशिरा आणि इतक्या मोलाने मिळावी याला म्हणते.

आणि ती सहज मिळतही नाही. जागा शोधायला मी तिच्याबरोबर दोन-तीन ठिकाणी गेले होते. एजंट आधी फोनवरच विचारतो, ‘फॅमिली का बॅचलर?’ तेवीस वर्षांची कमावती मुलगी त्याच्या लेखी बॅचलर. ‘सोसायटीत बॅचलर अलाउड नाहीत’ हे वाक्य इतक्या सरावाने येतं की त्यात राग धरायलाही वाव राहत नाही. मग आडनाव. मग ‘नॉनव्हेज?’ मग मित्र येणार का. आडनाव ऐकून एका ठिकाणी जागा अचानक ‘कालच गेली’. मुसलमान मैत्रिणीला तर फोनच उचलत नाहीत, असं भाचीने चालता चालता सांगितलं. भाडं सगळ्यांना सारखं असतं असं आपण समजतो. ज्याला शहरात दहा दारं बंद असतात तो अकराव्या दारी जे मागतील ते देतो, हे एजंटला नीट ठाऊक असतं.

करार करायला एक मुलगा घरीच आला. बॅगेत लॅपटॉप, अंगठ्याचा ठसा घेण्याचं यंत्र आणि कॅमेरा. तिघींचे ठसे, फोटो, आधार. वीस मिनिटांत लीव्ह अँड लायसन्स तयार. तोही बावीस-तेवीसचाच असेल. दिवसाला असे पाच-सहा करार करतो म्हणाला. कुठे राहतोस विचारलं तर म्हणाला, ‘चाकणला, रूमवर. चार जण आहोत.’ चाकणच्या कारखान्यांभोवती गावकऱ्यांनी बांधलेल्या बैठ्या खोल्यांच्या रांगा आहेत. विदर्भ-मराठवाड्यातली मुलं तिथे चार-पाच जण एका खोलीत राहतात, त्यातले दोघे दिवसपाळीला असले की गाद्या पुरतात. लालबागची युक्ती तिथे अजून चालू आहे. फक्त गाव पाठीशी नाही.

कराराचा कागद मी वाचला. अकरा महिने, पुढे राहायचं तर दहा टक्के वाढ आणि नव्या कराराची दलाली. भाचीला पहिल्या वर्षी पगारवाढ मिळाली सहा टक्के. कायदा तसा भाडेकरूला अगदीच विसरलेला नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदवला नाही तर वादाच्या वेळी भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, उलट सिद्ध होईपर्यंत. पण भाडं किती असावं याबद्दल या अकरा महिन्यांच्या कागदापुढे कायदा मुका आहे.

हा मुकेपणाही एका जुन्या अतिरेकाची परतफेड आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाडी भडकली आणि १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने ती १९४० च्या पातळीला बांधून टाकली. माणसं वाचली. पण बांधलेलं भाडं पुढे कित्येक दशकं सुटलंच नाही. भाड्याने द्यायला घर बांधणं हा आतबट्ट्याचा धंदा झाला, चाळी पडायला आल्या, पागडी फोफावली, आणि घर असलं तरी भाड्याने देऊ नये हा शहाणपणा मध्यमवर्गाच्या अंगी मुरला. देशातल्या शहरांत १९६१ साली ५४ टक्के घरं भाड्याची होती, २०११ साली २८ टक्के. २०१७-१८ च्या केंद्राच्या आर्थिक पाहणी अहवालात हे आकडे आहेत, आणि त्यांच्या जवळच हेही की मुंबईत सुमारे ४.८ लाख घरं रिकामी पडून आहेत. कॉटसाठी भांडणारं शहर आणि कुलपं लावलेली लाखो घरं, दोन्ही एकाच पिनकोडात.

घरमालकाला खलनायक करून हा लेख सोपा करता आला असता. पण वाकडचे घरमालक मी पाहिले आहेत. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. नव्वद लाखांचा तो फ्लॅट त्यांनी मुलासाठी घेतला, मुलगा परदेशी गेला. तीस हजारांप्रमाणे वर्षाचं भाडं तीन लाख साठ हजार, म्हणजे गुंतवणुकीवर चार टक्के. त्यातून सोसायटीचा मेंटेनन्स, मिळकत कर, रंगरंगोटी. ‘एफडीत ठेवले असते तर जास्त आले असते,’ ते म्हणाले, आणि ते खरं आहे. मुलींना भाडं जड, मालकाला तेच भाडं हलकं. दोन्ही बाजूंना न पुरणारा हा पैसा मग आहे कुठे? तो जमिनीत आहे. हिंजवडीत कारखान्यासारखी ऑफिसं आली, भोवतालच्या शेतांचे भाव बोली लावल्यासारखे चढले, आणि तो चढ उतरवून घ्यायला शेवटी उरतो तो महिन्याचा पगार.

सरकारला हे कळत नाही असंही नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी पुणे हे मुंबई-दिल्लीच्या पंक्तीतलं ‘एक्स’ वर्गाचं शहर आहे. महागाई भत्ता ५० टक्क्यांवर पोचल्यापासून, म्हणजे जानेवारी २०२४ पासून, त्यांना मूळ पगाराच्या ३० टक्के घरभाडे भत्ता मिळतो. १९,९०० मूळ पगारावर नवा लागलेला लिपिक घ्या, त्याचा भत्ता ५,९७० रुपये. यात वाकडला बाल्कनीसुद्धा येत नाही. आणि १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या नियमांत घरभाड्याच्या पूर्ण सवलतीसाठी महानगरं चारच होती, त्यांत पुणं नव्हतं. सरकारच्या एका खात्याला पुणं महाग वाटत होतं आणि दुसऱ्याला बेताचं.

सगळ्यांत बोलका आकडा मात्र नोकरदार महिलांच्या वसतिगृहांच्या केंद्रीय योजनेत आहे. १९७२-७३ पासूनची ही योजना, आता तिला सखी निवास म्हणतात. तिच्या नियमांत भाड्याची कमाल मर्यादा पगाराच्या टक्क्यांत बांधलेली आहे. एकटीच्या खोलीला १५ टक्के, दोघींच्या खोलीला १०, आणि डॉर्मिटरीला साडेसात. म्हणजे कमावत्या मुलीच्या पगारातून घराला किती जावं याचं उत्तर आपल्याच सरकारने कधीच लिहून ठेवलंय. भाचीला या दराने दोघींची खोली सत्तावीसशे रुपयांत मिळाली असती. माझं १९९४ चं भाडं, सहावा हिस्सा, एकटीच्या खोलीच्या मर्यादेच्या जरासंच वर होतं. नियम उत्तम आहे. वसतिगृहं बोटांवर मोजण्याइतकी.

पैशांपलीकडेही भाडं काही घेऊन जातं, आणि ते सॅलरी स्लिपवर दिसत नाही. भाचीच्या कंपनीतला एक मुलगा कॉलेजात पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेत होता. त्याला वर्षभर नाटकच करायचं होतं. ‘भाडं कोण भरणार?’ या एका प्रश्नावर तो हिंजवडीला आला. चांगलं काम करत असेल, सुखीही असेल. पण आपल्या शहरांनी ज्यांचा अभिमान बाळगला त्यांतले कितीजण स्वस्त जागेच्या आधाराने उभे राहिले हे आठवून बघावं. अण्णाभाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडीत राहून लिहीत होते. नारायण सुर्वे गिरणगावच्या चाळीत वाढले. त्या जागांत हाल होते आणि ते कोणाच्याही वाट्याला येऊ नयेत. तरी कमी कमावूनही शहरात टिकता येत होतं. आता तगण्याचीच किंमत इतकी आहे की कमी कमावण्याचं धाडस फक्त ज्यांच्या बापाचं शहरात घर आहे त्यांनी करावं. पुढे कोण लिहिणार, कोण नाटक करणार, कोण वाईट नोकरीला लाथ मारणार, हे असं भाड्याने ठरू लागलंय.

मुंबईत हे आणखी उघडं दिसतं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरण्या गेल्या, त्यांच्या जमिनीवर काचेचे मनोरे आले. लोअर परळच्या त्या मनोऱ्यांत काम करणारी मुलं आज विरारहून, डोंबिवलीहून, पनवेलहून येतात. भाडं कमी करायचं तर दूर जायचं, आणि वाचलेले पैसे लोकलच्या दारात लटकून रोज फेडायचे. ज्या जमिनीवर कामगार कामाला चालत जात होता तिथे आता कामाला जाणंच अर्ध्या दिवसाचं काम आहे.

महाराष्ट्राला राहण्याच्या जागेचं महत्त्व नवं नाही. गरिबाचं शिक्षण फीपेक्षाही राहण्या-जेवणाच्या सोयीवाचून अडतं हे राजर्षी शाहू महाराजांनी ओळखलं आणि १९०१ पासून कोल्हापुरात जातीजातींची वसतिगृहं उभी केली. भाऊराव पाटलांनी तेच काम साताऱ्याला नेलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती काढली, खेड्यातून आलेली हजारो मुलं तिथे राहून शिकली. शिकणाऱ्यासाठी आपण हे सगळं केलं. ते मूल शिकून पहिल्या नोकरीला लागलं की मात्र आपण त्याचा हात सोडून देतो, आणि तो सोडतो नेमका एजंटच्या दारात.

कमावत्या मुलांची वसतिगृहं ही आता चैन राहिलेली नाही. जिथे एमआयडीसी आहे, आयटी पार्क आहे, तिथे ती हवीत, आणि त्यांचं भाडं सखी निवासच्या नियमासारखं पगाराशी बांधलेलं हवं. जुलै २०२४ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात औद्योगिक कामगारांसाठी डॉर्मिटरी पद्धतीच्या भाड्याच्या जागांची घोषणा झाली आहे. कारखान्याला सवलतीत जमीन देणाऱ्या सरकारने त्याच जमिनीचा एक तुकडा कामगाराच्या गादीसाठी राखून ठेवावा, एवढी मागणी करायला कामगार नेता असावं लागत नाही.

आणि एक मागणी तुमच्याकडे, कारण हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांच्या नावावर दुसरं घर आहे. ते कुलूप लावून ठेवू नका. बॅचलर म्हणून, आडनाव म्हणून, ताटातल्या अंड्यासाठी कोणाला परत पाठवू नका. डिपॉझिट दोन महिन्यांच्या वर घेऊ नका. केंद्राच्या २०२१ च्या मॉडेल टेनन्सी ॲक्टनेही राहत्या घराला तीच मर्यादा घातली आहे. करार नोंदवा. भाडं वाढवण्याआधी तिचा पगार किती वाढला ते विचारा. आणि ती घर सोडेल त्या दिवशी तिचं डिपॉझिट हातात द्या, रंगाचे आणि नळाचे पैसे कापत बसू नका. ते पैसे बहुतेक वेळा तिचे नसतात, तिच्या वडिलांचे असतात.